घटनाकारांनी घातलेल्या मुदती आणि आजचा भारत

"आज बाबासाहेब असते तर..." अशी सुरुवात झालेला वाद तुम्हीही ऐकला असेल. कधी बाबासाहेबांच्या जागी नेहरू येतात, कधी सरदार पटेल. वाक्याचा पुढचा भाग बोलणाऱ्याच्या मनात आधीच तयार असतो. आरक्षण बंद करा म्हणणाराही बाबासाहेबांचा हवाला देतो आणि चालू ठेवा म्हणणाराही. गेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे दोघांचंही भागतं.

प्रश्न मात्र चांगला आहे. ज्यांनी हे प्रजासत्ताक कागदावर उभं केलं, त्यांना आजचा देश पाहून काय वाटलं असतं? त्यासाठी नुसते अंदाज बांधायची गरज नाही. पुढच्या काळाबद्दल त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनी बऱ्यापैकी नेमकं लिहून ठेवलं आहे.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली आणि राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला मंजूर झाली. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या सुमारे अडीच हजार प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कोण काय बोललं याची शब्दशः नोंद आहे आणि ती कुणालाही वाचता येते. ती वाचायला लागलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे 'घटनाकारांचं मत' असं एकच मत कधी नव्हतंच. के. टी. शहा यांना अर्थव्यवस्था समाजवादी हवी होती, कन्हैयालाल मुन्शींना ते मान्य नव्हतं. आंबेडकरांनी खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर आहे असं म्हटलं, तेव्हा सभागृहातले कितीतरी सदस्य दुखावले आणि त्या नाराजीतूनच ग्रामपंचायतींचं कलम ४० घटनेत आलं. आदिवासींचे प्रतिनिधी जयपालसिंग मुंडा, ज्यांच्या नेतृत्वाखालचा भारताचा हॉकी संघ १९२८ च्या ऑलिंपिकला गेला होता, त्यांनी तर सभेला ठणकावून सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका.

मग एवढ्या मतभेदांतून त्यांचं भविष्याचं चित्र काढायचं कसं? माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे त्यांनी घटनेत घातलेल्या मुदती. भाषणात माणूस काहीही आशा व्यक्त करतो. पण कायद्यात 'दहा वर्षांत' किंवा 'पंधरा वर्षांत' असं लिहिताना त्याला हिशेब करावा लागतो. इतक्या काळात हे होईल, असं सगळ्यांनी मिळून धरलेलं असतं. अशा तीन मुदती आपण तपासून बघू.

पहिली मुदत शिक्षणाची. मूळ कलम ४५ म्हणत होतं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत सरकारने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे सरकारने धोरण ठरवताना पाळायच्या पण कोर्टात जाऊन मागता न येणाऱ्या तत्त्वांमध्ये, कालमर्यादा असलेलं हे एकमेव कलम होतं. नोव्हेंबर १९४८ मधल्या चर्चेत एक दुरुस्ती आली: नुसतं 'शिक्षण' न म्हणता 'प्राथमिक शिक्षण' म्हणा, म्हणजे जबाबदारी आटोक्यात राहील. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं कारण साधं आणि व्यवहारी होतं. दुसऱ्या एका कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत कामाला लावायला बंदी घातली आहे. मग त्या वयापर्यंत मूल कुठे असायला हवं? शाळेत. कामाची बंदी आणि शाळेची हमी या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत गुंफल्या होत्या, म्हणून वयाची अट खाली आणायला ते तयार नव्हते.

म्हणजे १९६० पर्यंत देशातलं प्रत्येक मूल आठवीच्या आसपास पोहोचेल, असं त्यांचं गणित होतं. प्रत्यक्षात काय झालं? १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांची मुदत उलटून किती काळ लोटला यावर बोट ठेवलं आणि चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. संसदेने ८६ वी घटनादुरुस्ती केली २००२ मध्ये. तिची अंमलबजावणी करणारा शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दहा वर्षांचं काम नुसतं कायद्यात उतरायला साठ वर्षं लागली. घटनाकारांपैकी कुणीही, मग तो कोणत्याही विचारांचा असो, हा हिशेब बघून समाधानी झाला असता असं मला वाटत नाही. या एका मुद्द्यावर त्यांच्यात फारसे मतभेद नव्हते, म्हणूनच हे अपयश जास्त बोचतं.

दुसरी मुदत आरक्षणाची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जितका गैरसमज आहे तितका क्वचितच कशाबद्दल असेल. 'घटनेत आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं' हे वाक्य अर्धवट आहे. दहा वर्षांची मर्यादा कलम ३३४ मध्ये होती आणि ती लोकसभा व विधानसभांमधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांपुरती होती. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा आधार कलम १६ च्या चौथ्या उपकलमात आहे. तिथे वर्षांची मर्यादा कधीच नव्हती. मागासवर्गाला पुरेसं प्रतिनिधित्व मिळालं आहे का, ही तिथली कसोटी आहे. शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाचं उपकलम तर १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलं, त्यालाही मुदत नाही. नोकरीतल्या आरक्षणाबद्दल बोलताना राखीव मतदारसंघांची मुदत पुढे करणं म्हणजे दोन वेगळ्या कलमांची सरमिसळ करणं.

कलम ३३४ वरच्या २५ ऑगस्ट १९४९ च्या चर्चेत आंबेडकरांनी स्वतःला दहा वर्षांपेक्षा अधिक मुदत मान्य झाली असती असं सांगितलं, पण सभागृहाचा निर्णय त्यांनी स्वीकारला. दहा वर्षांनी स्थिती सुधारली नसेल तर हे लोक संरक्षणाचे नवे मार्ग शोधतील, असंही ते म्हणाले. पुढे दर दहा वर्षांनी ही मुदत घटनादुरुस्तीने वाढत गेली. त्याच कलमात अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनियुक्त जागांचीही मुदत होती. ती मात्र २०२० मध्ये संपू दिली गेली.

तिसरी मुदत भाषेची. १४ सप्टेंबर १९४९ ला सभेने ठरवलं की देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा असेल आणि पंधरा वर्षं इंग्रजीही चालू राहील. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी हा तोडगा काढला, तोही बरीच कडाक्याची भांडणं झाल्यावर. १९६५ पर्यंत इंग्रजी मागे पडेल असं हिंदीच्या समर्थकांना वाटत होतं. प्रत्यक्षात १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीला पुढेही वाट करून दिली. १९६५ च्या जानेवारीत तेव्हाच्या मद्रास राज्यात आगडोंब उसळला, काही तरुणांनी आत्मदहन केलं. १९६७ च्या दुरुस्तीने तर ठरून गेलं की हिंदी न स्वीकारलेली राज्यं स्वतः ठराव करत नाहीत तोवर इंग्रजी राहणार. इथे मुदत हुकली हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या मुदतीत सरकार कमी पडलं, या तिसरीत मुळातला अंदाजच चुकीचा होता.

भाषेच्या बाबतीत घटनाकारांचा आणखी एक अंदाज चुकला, आणि मराठी माणसाने तो नीट समजून घ्यायला हवा. फाळणीच्या जखमा ताज्या असताना भाषावार प्रांत केले तर देश पुन्हा फुटेल, अशी बहुतेक नेत्यांना धास्ती होती. संविधान सभेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या दार आयोगाने डिसेंबर १९४८ मध्ये भाषावार प्रांतांच्या विरोधात अहवाल दिला. मग नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या काँग्रेसच्या समितीनेही १९४९ मध्ये हा प्रश्न लांबणीवर टाका असंच सुचवलं. पुढचं आपल्याला माहीत आहे: डिसेंबर १९५२ मध्ये तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलु यांचा मृत्यू, १९५३ मध्ये आंध्र, १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि त्यातले हुतात्मे, आणि १ मे १९६०. देश फुटला नाही. उलट लोकांना स्वतःच्या भाषेत राज्यकारभार मिळाला आणि दिल्लीशी भांडायचं ते घटनेच्या चौकटीत राहून, अशी सवय लागली. आजचा भारत बघून पटेल आणि नेहरू यांना सगळ्यात सुखद आश्चर्य याच गोष्टीचं वाटलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बाबासाहेबांचं काय? १९४८ मध्ये त्यांनी दार आयोगापुढे मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ मध्ये मात्र त्यांनी मुंबई हे स्वतंत्र नगरराज्य आणि उरलेल्या महाराष्ट्राचे तीन भाग, अशी वेगळी मांडणी केली. सात वर्षांत त्यांचं मत इतकं बदललं. मग त्यांच्या मृत्यूनंतरच्या सत्तर वर्षांत काय बदललं असतं हे ठामपणे सांगणारा माणूस आपल्या पदरचं सांगत असतो.

सर्वांत मोठ्या निर्णयाला त्यांनी कुठलीही मुदत घातली नाही, तो म्हणजे प्रौढ मताधिकार. स्वतः संविधान सभेचे बहुतेक सदस्य मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी पाठवलेले होते. लोक शिकू देत, मग टप्प्याटप्प्याने मत द्या, असं म्हणणं त्यांना सहज शक्य होतं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली. तरी कलम ३२६ ने एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला पहिल्या दिवसापासून मत दिलं.

हे कागदावरून जमिनीवर आणताना काय झालं, त्याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पहिल्या निवडणुकीची मतदार यादी करायला कर्मचारी दारोदार गेले, तेव्हा अनेक भागांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगायच्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. नाव दुरुस्त करून घ्यायला मुदत दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. निर्णय कठोर होता आणि त्या बायकांवर अन्याय झालाच. पण मत द्यायचं तर स्त्रीला स्वतःचं नाव हवं, हा आग्रह पुढच्या निवडणुकांमध्ये कामी आला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. २०२४ मध्ये ते ९७ कोटींच्या घरात गेले आणि त्यांतल्या सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केलं. इतक्या वर्षांत सत्ता कितीदा तरी मतपेटीतून बदलली. १९४९ मध्ये या गोष्टीची खात्री कुणालाच नव्हती.

स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाबद्दल मात्र सभेतल्या स्त्री सदस्यांचा अंदाज साफ चुकला, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. पंधरा स्त्रिया त्या सभेत होत्या. हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन, राजकुमारी अमृत कौर अशी एकापेक्षा एक नावं. त्यांनी राखीव जागा मागितल्या नाहीत. रेणुका राय जुलै १९४७ मध्ये म्हणाल्या की राखीव जागा ठेवल्या तर सर्वसाधारण जागांसाठी स्त्रियांचा विचारच होत नाही; नुसती पात्रता बघितली तर त्यांना जास्त संधी मिळेल. पक्षांनी त्या विश्वासाचं काय केलं बघा: २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. त्याआधीच, २०२३ मध्ये, १०६ वी घटनादुरुस्ती करून एक तृतीयांश जागा राखीव ठेवायचं ठरलं, ज्याची अंमलबजावणी कायद्यातच नव्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली होती. आणि या कायद्यालाही पंधरा वर्षांची मुदत आहे!

काही गोष्टी त्यांना दिसल्याच नाहीत. मूळ घटनेत राजकीय पक्षांची दखल नाही. आमदार-खासदार स्वतःच्या बुद्धीने मत देतील, असं बहुधा गृहीत होतं. १९६७ नंतर पक्षांतराची साथ आली आणि १९८५ मध्ये ५२ व्या दुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट जोडावं लागलं. पक्ष म्हणजे विधिमंडळातले आमदार की बाहेरची संघटना, यावर २०२२ नंतर महाराष्ट्रात जो पेच झाला, त्याचं उत्तर मूळ घटनेत शोधून सापडणारच नव्हतं. कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, याच्याबद्दल आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये आशा व्यक्त केली होती की ते वापरायची वेळच येणार नाही, ते कागदावरच पडून राहील. ते शंभराहून अधिक वेळा वापरलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर त्याला बराच लगाम बसला.

आता ज्या भाषणाचे तुकडे सगळेच आपापल्या सोयीने वापरतात, त्याकडे येतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला आंबेडकरांनी तीन इशारे दिले. घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना रस्त्यावरचे मार्ग सोडा. सत्याग्रहसुद्धा त्यांनी यात धरला होता, हे आंदोलकांना आवडत नाही. धर्मातली भक्ती आत्म्याला तारेल, पण राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे सत्तेत बसलेल्या कुठल्याच पक्षाला आवडत नाही. पण तिसरा इशारा सगळ्यात खोल आहे. २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीत शिरतोय, असं ते म्हणाले. राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाही उद्ध्वस्त करतील.

'लवकर' याला त्यांनी वर्षांचा आकडा दिला नाही. पण या बाबतीत एक कलम असं आहे की जिथे मुदतीचा प्रश्नच नव्हता. कलम १७: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला ते मंजूर झालं तेव्हा सभागृहात महात्मा गांधींच्या जयजयकाराच्या घोषणा झाल्या. आज काय स्थिती आहे? हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच तीस लाख करावी लागली, कारण माणसं गटारात उतरवली जाणं थांबलं नव्हतं. ती माणसं कोणत्या समाजाची असतात हे वेगळं सांगायला नको. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवता येत नाही, असं कुणी त्या सभेतल्या सदस्याला पटवून देऊ शकेल का? दाक्षायणी वेलायुधन यांना? आंबेडकरांना?

पण हे सगळं मोजताना एक सावधगिरी हवी. घटनाकारांनी स्वतःला शेवटचा शब्द मानलं नव्हतं. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी पहिल्याच कलमात 'धर्मनिरपेक्ष' आणि 'समाजवादी' हे शब्द घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा आंबेडकरांनी ती फेटाळताना सांगितलं की समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे पुढच्या लोकांनी काळानुसार ठरवायचं, आपण घटनेत बांधून टाकलं तर त्यांचं स्वातंत्र्य हिरावून घेतल्यासारखं होईल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्या भाषणातही त्यांनी अमेरिकेचे नेते जेफरसन यांचा दाखला देत सांगितलं की एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून टाकायचा अधिकार नाही. (ते दोन शब्द उद्देशिकेत १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात आले.) घटनेत पहिली दुरुस्तीही याच लोकांनी केली. संविधान सभाच हंगामी संसद म्हणून काम करत होती आणि जून १९५१ मध्ये, म्हणजे दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तिने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढवल्या आणि जमीनसुधारणांच्या कायद्यांना कोर्टातल्या आव्हानापासून वाचवण्यासाठी नववं परिशिष्ट जोडलं. २ सप्टेंबर १९५३ ला आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना तर आंबेडकर राज्यसभेत उद्वेगाने म्हणाले की ही घटना जाळणारा पहिला माणूस मीच असेन. १९५५ मध्ये त्यांनी त्याचा खुलासा केला: देवासाठी मंदिर बांधलं, पण देवाची स्थापना व्हायच्या आधीच राक्षसांनी त्याचा ताबा घेतला, तर दुसरं काय करणार?

त्यामुळे त्यांना आजचा भारत आवडला असता का, याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. मतदान केंद्रावरच्या रांगा बघून आणि आपली राज्यं बघून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. सरकारी शाळा आणि गटारं बघून त्यांनी आपल्याला कठोर प्रश्न विचारले असते. इंग्रजीवरून ते पुन्हा एकमेकांशीच भांडले असते.

कलम ३३४ ची सध्याची मुदत २५ जानेवारी २०३० ला संपते. मागच्या खेपेला, डिसेंबर २०१९ मध्ये, संसदेने ती दहा वर्षांनी वाढवली होती. पुन्हा वाढवायची झाली तर त्याआधी विधेयक आणावं लागेल. त्या दिवशी सभागृहात 'बाबासाहेब असते तर' हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येईल यात मला शंका नाही. माझी मागणी एवढीच आहे की राखीव मतदारसंघांतल्या वस्त्यांमध्ये शाळा, जमीन, नोकऱ्या आणि अत्याचाराचे खटले यांत दहा वर्षांत काय बदललं, याचा मतदारसंघवार लेखी हिशेब सरकारने आधी सभागृहापुढे ठेवावा आणि मतदान त्यानंतर घ्यावं.